सभेच्या स्लाइड्स: साधा मजकूर आणि मोकळी साधने

कोणत्याही धर्मादाय संस्थेचे धन दोन ठिकाणी असते: एक तिजोरीत आणि दुसरे दप्तरात. तिजोरीतील धनाचा हिशेब दरवर्षी तपासला जातो. दप्तरातील धनाची चौकशी फारशी कोणी करीत नाही. देणगीदारांची नावे, शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलामुलींच्या याद्या, सभांचे ठराव, इमारतीच्या वर्गणीचा जमाखर्च, ही सारी दप्तरातील संपत्ती होय. अलीकडे हे दप्तर कागदावरून संगणकावर गेले आहे, आणि वार्षिक सभेच्या दिवशी ते स्लाइड्सच्या रूपाने पडद्यावर सभासदांपुढे येते. या स्लाइड्स कोणत्या साधनांनी तयार कराव्यात, त्या साधनांची निवड कशी करावी, आणि साध्या मजकुरापासून त्या करता येतात म्हणजे नेमके काय, हे शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विषय काहीसा रूक्ष वाटेल. परंतु त्याच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो रूक्ष नाही. आज आपण जे लिहून ठेवीत आहोत, ते आणखी पंचवीस वर्षांनी, दुसऱ्याच कोणाच्या तरी हाती असलेल्या संगणकावर, वाचता येईल काय?

काचेच्या चित्रापासून आजपर्यंत

पडद्यावर चित्र दाखवून सभेला विषय समजावून देणे ही काही आजची कल्पना नव्हे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन व त्यांचे पुत्र यांनी १८९० नंतरच्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने असे खेळ केले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी करून दाखवावयाची आणि सोबत कथा सांगावयाची, असे त्या खेळांचे स्वरूप होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चित्र काचेवर होते, पण कथा काचेत अडकलेली नव्हती. काच फुटली तरी कथा शिल्लक राहत होती.

संगणकाच्या युगात रॉबर्ट गॅस्किन्स व डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट या कंपनीत पॉवरपॉइंट तयार केले. ते १९८७ साली प्रथम मॅकिन्टॉश संगणकासाठी निघाले, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. हे साधन वाईट आहे असे मुळीच नाही. जगभर त्याचा उपयोग होतो आणि होत राहील. पण त्यात मजकूर आणि मांडणी एकाच फाइलमध्ये एकमेकांत मिसळून जातात. अक्षराचा आकार, चौकटीची जागा, रंग, हालचाल आणि तुमचे वाक्य, सारे एका गाठोड्यात बांधले जाते. ते गाठोडे सोडविणारे सॉफ्टवेअर हाताशी नसले की वाक्यही हाती लागत नाही. शिवाय सभेच्या आदल्या रात्री करणाऱ्याचा अर्धा वेळ वाक्य सुधारण्याऐवजी चौकट डावीउजवीकडे सरकविण्यात जातो, हा अनुभव पुष्कळांना असेल.

साध्या मजकुराची रीत याच्या उलट आहे. मजकूर एका फाइलमध्ये, मांडणी यंत्राकडे. लिहिणाऱ्याने लिहावे, सजविणाऱ्या साधनाने सजवावे.

साधा मजकूर म्हणजे काय?

साधा मजकूर म्हणजे केवळ अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे असलेली फाइल. तीत रंग नाही, ठळकपणा नाही, चौकट नाही. विंडोजमधील नोटपॅड, लिनक्समधील कोणताही मजकूर-संपादक, किंबहुना मोबाइलवरील साधी टिपणवहीदेखील ती उघडू शकते.

मग मथळा कोणता व मुद्दा कोणता हे यंत्राला कळावे कसे? त्यासाठी काही खुणा ठरलेल्या आहेत. अमेरिकेतील जॉन ग्रुबर यांनी २००४ साली, ॲरन स्वार्ट्झ यांच्या साहाय्याने, ‘मार्कडाऊन’ नावाची खुणांची पद्धत प्रसिद्ध केली. तीच आज सर्वांत अधिक रूढ आहे. शाळेच्या बिदर सहलीसाठी दोन स्लाइड्स करावयाच्या झाल्यास मजकूर असा लिहावा:

# बिदरचा मदरसा

- बांधणी: इ. स. १४७२
- बांधविणारे: महमूद गवान, बहमनी राज्याचे वजीर
- त्यांची जन्मभूमी: इराणातील गीलान

---

# सहलीची तयारी

- निघणे: सकाळी ८ वाजता
- सोबत: पाणी, वही, पेन्सिल

एवढेच! चौकडीची खूण (#) म्हणजे मथळा; ओळीच्या आरंभीची लहान रेघ म्हणजे मुद्दा; सलग तीन रेघा म्हणजे पुढची स्लाइड. संगणक न शिकलेल्या आजोबांच्या हाती हा कागद छापून दिला, तरी ते तो वाचू शकतील. साध्या मजकुराचे सारे मर्म यातच आहे: यंत्राला जे कळते ते माणसालाही कळते.

तीन बारीक गोष्टी मात्र पाळाव्यात. चौकडीच्या खुणेनंतर एक जागा मोकळी सोडावी. मुद्द्यांची यादी सुरू करण्यापूर्वी एक ओळ रिकामी ठेवावी. नाहीतर काही साधने ते मुद्दे मागच्या परिच्छेदात मिसळून टाकतात. आणि तीन रेघांच्या वरची ओळ रिकामी असावी; कारण मजकुराच्या लगेच खाली तीन रेघा आल्या, तर यंत्र त्या रेघांऐवजी वरच्या ओळीलाच मथळा समजते. नवशिक्याच्या पुष्कळशा अडचणी या तीन गोष्टींतूनच उद्भवतात.

मोकळे, म्हणजे केवळ फुकट नव्हे

‘ओपन सोर्स’ किंवा ‘मुक्त स्रोत’ या शब्दांचा अर्थ पुष्कळजण ‘फुकट’ असा करतात. तो अपुरा आहे. फुकट मिळालेली वस्तू उद्या विकतची होऊ शकते. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये मूळ लेखन, म्हणजे त्याची घडण, सर्वांना पाहता येते. ते वापरण्याचा, बदलण्याचा, आणि इतरांना प्रती देण्याचा हक्क परवान्याने दिलेला असतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९८९ साली त्याचा प्रसिद्ध परवाना जीपीएल निघाला, आणि ‘ओपन सोर्स’ हे नाव १९९८ साली रूढ झाले.

परवान्यांत मुख्य भेद दोन आहेत, आणि न्यासाच्या सभासदांना ते समजण्यास जड जाऊ नयेत. जीपीएलचा परवाना वक्फ केलेल्या विहिरीसारखा आहे. पाणी कोणीही न्यावे, विहीर दुरुस्तही करावी; पण ती आपल्या कुंपणात घेऊन तिच्यावर कुलूप लावता येत नाही. जो ती सुधारून पुढे देईल, त्याने सुधारलेली विहीरही सर्वांना मोकळीच ठेवली पाहिजे. दुसरा एमआयटी परवाना हा बिनशर्त दानासारखा आहे. देणाऱ्याचे नाव व परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा, एवढीच त्याची अपेक्षा. घेणाऱ्याने पुढे काय करावे यावर बंधन नाही. आपल्यासारख्या वापरणाऱ्याला दोन्ही सारखेच उपयोगी पडतात.

यात एक नीतीचाही प्रश्न आहे. पैसे देऊन घ्यावयाचे सॉफ्टवेअर चोरून उतरविण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. सचोटी शिकविणाऱ्या संस्थेने मुलांना चोरीच्या प्रतीवर शिकवावे, हे शोभत नाही. मुक्त साधन असले म्हणजे वर्गातील प्रत्येक मुलगी त्याची प्रत पेनड्राइव्हवर घालून उजळ माथ्याने घरी नेऊ शकते. केरळ राज्याने आपल्या शाळांतील संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभारले, आणि ‘काइट’ या सरकारी संस्थेमार्फत ते काम चालते. भारत सरकारनेही २०१५ साली मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. तेव्हा हा मार्ग काही चार हौशी माणसांचा नव्हे.

चार साधने आणि त्यांचे गुणदोष

साध्या मजकुराच्या स्लाइड्स करणारी साधने अनेक आहेत. त्यांतील जी आपल्या कामाची, तेवढ्यांचाच विचार येथे करू.

पहिले पॅन्डॉक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी ते तयार केले आणि २००६ पासून ते उपलब्ध आहे. त्याचा परवाना जीपीएल. पॅन्डॉक हे स्लाइड्सचे साधन नसून मजकुराचा दुभाषा आहे. एकाच मजकुरापासून ते वेब-पान, वर्डची फाइल, पुस्तक, पॉवरपॉइंटची फाइल आणि इतर अनेक प्रकार करून देते. त्याला खिडक्या नाहीत, बटणे नाहीत. आज्ञा टंकावी लागते. मात्र त्या आज्ञेत सांगावयाचे असते ते एवढेच: कोणती फाइल घ्यावयाची, कोणत्या प्रकारात बदलावयाची, आणि तयार झालेल्या फाइलला नाव कोणते द्यावयाचे. ही एक ओळ एकदा वहीत लिहून ठेवली की दरवर्षी तीच चालते.

दुसरे रिव्हील-जेएस. स्वीडिश कार्यक्रमलेखक हकीम एल हत्ताब यांचे हे साधन २०११ पासून प्रसिद्ध आहे, परवाना एमआयटी. याच्या स्लाइड्स म्हणजे एक वेब-पानच असते. फायरफॉक्स, क्रोम अशा कोणत्याही ब्राउझरमध्ये, मोबाइलवरदेखील, ते उघडते. पॅन्डॉक आपल्या मजकुरापासून रिव्हीलची फाइल थेट करून देते, म्हणून ही जोडी एकत्र वापरणे सोयीचे. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. पॅन्डॉकने केलेली अशी फाइल सजावटीचा भाग एरवी इंटरनेटवरून मागविते. सभागृहात इंटरनेट नसले तर स्लाइड्स उघड्याबोडक्या दिसतील. यास्तव सर्व सामग्री त्याच फाइलमध्ये भरून घेण्याचा पर्याय पॅन्डॉकच्या आज्ञेत आहे, तो न विसरता द्यावा. तसे केले म्हणजे चित्रांसह सारा पसारा एका फाइलमध्ये येतो आणि ती पेनड्राइव्हवरून कोठेही नेता येते.

तिसरे मार्प. जपानमधील युकी हत्तोरी यांचे हे साधन, परवाना एमआयटी. नवशिक्याला हे सर्वांत जवळचे वाटते. कारण व्हीएस कोड या संपादकात मार्पची जोड बसविली की डावीकडे मजकूर आणि उजवीकडे तयार स्लाइड, असे दोन्ही एकाच वेळी दिसते. व्हीएस कोडचे मूळ लेखन मुक्त असले तरी मायक्रोसॉफ्ट जी तयार प्रत वाटते तिच्या अटी वेगळ्या आहेत. पूर्ण मोकळी प्रत हवी असल्यास व्हीएसकोडियम घ्यावी. मार्प वेब-पान, पीडीएफ व पॉवरपॉइंट असे तिन्ही प्रकार देते. पीडीएफसाठी संगणकावर क्रोमसारखा ब्राउझर असावा लागतो. तसेच त्याने दिलेल्या पॉवरपॉइंट फाइलमध्ये प्रत्येक स्लाइड सामान्यतः चित्र म्हणून बसविलेली असते. तीतील अक्षर बदलता येत नाही. पॅन्डॉकने दिलेल्या पॉवरपॉइंट फाइलमध्ये अक्षर हे अक्षरच राहते. चिटणिसांनी फाइल पाठवावी आणि खजिनदारांनी तीत आकडे दुरुस्त करावेत, असा प्रघात असेल तर हा भेद मोठा आहे.

चौथे बीमर. गणित शिकविणाऱ्यांनी याचे नाव ऐकले असेल. डोनाल्ड कनुथ यांनी १९७८ साली टेक ही छपाईची प्रणाली काढली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी पुढे तिच्यावर लाटेक रचले. आणि टिल टानटाऊ यांनी २००३ साली, स्वतःच्या पीएचडीच्या व्याख्यानासाठी म्हणून, लाटेकवर बीमर केले. समीकरणे छापण्यात याला तोड नाही आणि तयार होणारी पीडीएफ कोठेही सारखीच दिसते. परंतु त्याच्या खुणा मार्कडाऊनपेक्षा कठीण आहेत, आणि टेकचा पूर्ण संच कित्येक गिगाबाइटांचा असल्याने तो उतरविण्यास धीर लागतो. देवनागरीसाठी त्यातील झीलाटेक किंवा लुआलाटेक हे यंत्रच निवडावे. पॅन्डॉक एरवी जे जुने यंत्र गृहीत धरते, ते आपली लिपी छापू शकत नाही.

यांखेरीज अँथनी फू यांचे २०२१ मध्ये निघालेले स्लायडेव्ह आणि २०२२ मध्ये निघालेले क्वार्टो ही साधनेही चांगली आहेत. पहिले कार्यक्रमलेखनाचा अभ्यास करणाऱ्या तरुणांना आणि दुसरे आकडेवारीचे आलेख काढणाऱ्यांना मानवेल. न्यासाच्या सभेसाठी त्यांची गरज पडणार नाही.

आमच्या सरहद्दीची अडचण: तीन लिप्या

पुणे-मुंबईच्या वाचकाला जो प्रश्न पडत नाही, तो दुबलगुंडी, हुमनाबाद किंवा आळंदच्या माणसाला रोज पडतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्य विभागले गेले आणि बिदर व गुलबर्गा हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आले. आजही एकाच वाड्यात आजीचे बोलणे दखनीत, वडिलांचा पत्रव्यवहार मराठीत आणि नातवाची शाळा कन्नडमध्ये, असे चित्र असते. न्यासाच्या सभेतही तिन्ही भाषांचे सभासद बसतात. तेव्हा साधन निवडताना पहिली परीक्षा लिपीची.

येथे मागची एक कहाणी सांगणे प्राप्त आहे. १९९० च्या दशकात व त्यानंतरही पुष्कळ काळ मराठी मजकूर अशा फॉन्टांत टंकला जाई की, फाइलमध्ये साठविली जात ती इंग्रजी अक्षरांची स्थाने, आणि फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरी आकार रंगवी. तो फॉन्ट असेतोवर सारे ठीक. तो गेला की ‘शिष्यवृत्ती’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन ढीग! कन्नडमध्येही असेच घडले. अनेक संस्थांची जुनी स्मरणपत्रे आणि याद्या अशा रीतीने फाइल शाबूत असूनही मुक्या झाल्या आहेत. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात. पण रूपांतरानंतर मूळ कागदाशी ताडून प्रत्येक नाव तपासावे लागते.

युनिकोड म्हणजे जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तीत देवनागरी व कन्नड दोन्ही होत्या. युनिकोडात लिहिलेला ‘क’ कोणत्याही फॉन्टमध्ये ‘क’च राहतो. म्हणून साधा मजकूर लिहावयाचा तो युनिकोडातच, हा नियम अपवादाशिवाय पाळावा.

फॉन्टही मोकळ्या परवान्याचे घ्यावेत. देवनागरीसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त किंवा गूगलचा नोटो सॅन्स देवनागरी, कन्नडसाठी नोटो सॅन्स कन्नड, आणि उर्दूसाठी नोटो नस्तालीक उर्दू हे सर्व मोकळे आहेत. निवडलेल्या फॉन्टची परीक्षा एका ओळीत होते. ‘दुसऱ्या विद्यार्थ्याने कऱ्हाडच्या शाळेत ॲल्युमिनियमचा तक्ता लावला’ असे वाक्य लिहून पडद्यावर पाहावे. अर्धा र, जोडाक्षरे आणि ॲ ही तिन्ही नीट उमटली तर फॉन्ट कामाचा. फाइलच्या आरंभी भाषेची नोंद मराठी अशी करून ठेवावी. त्यामुळे ज्या फॉन्टमध्ये सोय असते त्यात ल व श ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी आपल्या मराठी वळणाची उमटतात.

उर्दूची गोष्ट निराळी, कारण ती उजवीकडून डावीकडे चालते. पॅन्डॉकमध्ये लेखनाची दिशा नोंदविता येते आणि रिव्हीलमध्येही उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या स्लाइड्सची सोय आहे. तरीही एका स्लाइडवर तीन लिप्या कोंबू नयेत. तिन्ही भाषांच्या तीन फाइली कराव्यात आणि स्लाइडचा क्रम तिन्हींत एकच ठेवावा. मग पाचवी स्लाइड मराठीत जे सांगते तेच पाचवी स्लाइड कन्नडमध्ये व उर्दूत सांगेल, आणि कोणी काय गाळले हे ताडून पाहणेही सोपे जाईल.

निवड कशी करावी?

साधनाची कीर्ती ऐकून निवड करू नये. आपल्या परिस्थितीला पाच प्रश्न विचारावेत. परवाना मोकळा आहे काय? आपल्या तिन्ही लिप्या नीट उमटतात काय? इंटरनेट नसताना स्लाइड्स चालतात काय? उद्या हे साधन सोडून दुसरे घेतले तर मजकूर जसाच्या तसा नेता येईल काय? आणि अडल्यावेळी मदत करील असा माणूस किंवा धडा जवळपास आहे काय?

या पाचांत चौथा प्रश्न सर्वांत मोठा आहे. साधने येतात आणि जातात. आज ज्याचा बोलबाला आहे ते दहा वर्षांनी चालू असेलच असे नाही. पण वर दिलेला बिदरच्या मदरशाचा मजकूर पॅन्डॉकलाही कळतो आणि मार्पलाही कळतो. म्हणून प्रत्येक साधनाच्या खास करामती, हालचाली, चकचकीत पडदे, यांचा मोह जितका आवरावा तितके पुढे सुटणे सोपे. मजकूर साधा ठेवणे म्हणजे घरातून बाहेर पडण्याचा दरवाजा उघडा ठेवणे होय.

पाचव्या प्रश्नाबाबत मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम फार उपयोगी आहे. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने चाललेल्या या उपक्रमात मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे छोटे दृक्‌श्राव्य धडे आहेत, आणि त्यांचे ध्वनिमुद्रण मराठी व कन्नडसह अनेक भारतीय भाषांत केलेले आहे. लाटेक, बीमर व लिब्रेऑफिस यांवरील धडे त्यात सापडतात. इंग्रजीची भीती बाळगणाऱ्या विद्यार्थ्याला हे धडे पालवीसारखे वाटतील.

तर मग सल्ला कोणता? ज्यांनी यापूर्वी असे काही केलेले नाही त्यांनी मार्पने आरंभ करावा. कारण लिहिता लिहिता स्लाइड समोर दिसते. ज्यांना एकाच मजकुरातून स्लाइड्स, छापील अहवाल आणि सभासदांना पाठविण्याची वर्डची फाइल हवी, त्यांनी पॅन्डॉक शिकावे. न्यासाच्या चिटणिसाला हेच सर्वांत उपकारक. विज्ञान-गणिताच्या शिक्षकांनी बीमरकडे वळावे. आणि ज्यांना छायाचित्रांची जुळणी, वंशावळीचे तक्ते, रंगीत मानपत्रे करावयाची आहेत, त्यांनी साध्या मजकुराचा आग्रहच धरू नये. त्यांच्यासाठी २०१० पासून चालत आलेले लिब्रेऑफिस आणि त्यातील इम्प्रेस आहे. तेही मोकळे आहे, आणि त्याचा फाइल-प्रकार आंतरराष्ट्रीय मानक म्हणून २००६ साली मान्य झालेला आहे. ज्या कामाला जे हत्यार; सुतार सगळीच कामे रंध्याने करीत नाही.

दोन उणिवाही सांगितल्या पाहिजेत. साध्या मजकुराच्या रीतीत चित्र नेमके कोठे बसेल यावर आपला ताबा कमी असतो. आणि पहिला आठवडा कष्टाचा जातो. आज्ञेत एक अक्षर चुकले तरी यंत्र रुसते. या कष्टांचे फळ दुसऱ्या वर्षी दिसते. मागच्या वर्षाची फाइल घ्यावी, आकडे बदलावेत, एक आज्ञा द्यावी आणि स्लाइड्स तयार. शिवाय दोन वर्षांच्या फाइली ओळीला ओळ लावून ताडणारी मोकळी साधने आहेत. कोणते नाव नव्याने आले, कोणती रक्कम बदलली, हे ती लगेच दाखवितात. सार्वजनिक पैशाचा कारभार पाहणाऱ्यांना याची किंमत वेगळी सांगावयास नको.

आरंभ कोठून करावा?

आरंभ लहान असावा. महोत्सवाच्या निमित्ताने पुढील चार कामे एखाद्या शनिवार-रविवारी होण्यासारखी आहेत. न्यासाच्या सभासदांपैकी दहावी-बारावीच्या दोन मुलींना व दोन मुलांना सोबत घ्यावे. एका सभेच्या इतिवृत्तातील ठळक मुद्दे युनिकोड मराठीत साध्या मजकुरात लिहावेत. दहा स्लाइड्सहून अधिक नकोत, आणि एका स्लाइडवर पाच ओळींहून अधिक नकोत. त्यापासून एकदा मार्पने व एकदा पॅन्डॉकने स्लाइड्स कराव्यात आणि इंटरनेट बंद करून त्या दुसऱ्याच कोणाच्या संगणकावर चालवून पाहाव्यात. शेवटी मूळ मजकुराची फाइल तीन ठिकाणी ठेवावी: न्यासाच्या संगणकात, पेनड्राइव्हवर आणि दुसऱ्या गावी राहणाऱ्या एखाद्या विश्वस्ताच्या घरी. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना लिहावा, म्हणजे क्रम आपोआप लागतो. एक प्रत कागदावर छापून दप्तरातही लावावी. कागदाला अजून वीज लागत नाही.

हे काम मुलांच्या हाती देण्याचे कारण केवळ त्यांची बोटे चपळ आहेत हे नव्हे. आज पुष्कळ संस्थांत संगणकाचे सारे ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात असते. तो नोकरीसाठी हैदराबादला किंवा पुण्याला गेला की दप्तराला टाळे लागते. मजकूर साधा आणि साधन मोकळे असले म्हणजे त्याच्या जागी दुसरा बसू शकतो. संस्था व्यक्तीवर टांगलेली राहत नाही.

आपल्याकडे अमानत हा शब्द मोठ्या जबाबदारीने उच्चारला जातो. दुसऱ्याची वस्तू जशी हाती आली तशी, त्याला वापरता येईल अशा स्थितीत परत करावयाची, ही अमानत. दात्यांनी दिलेला पैसा ही अमानत आहे, हे विश्वस्तांना सांगावे लागत नाही. परंतु त्या दात्यांची नावे, त्यांच्या पैशावर शिकलेल्या मुलामुलींच्या याद्या आणि या गावाने तीन भाषांत केलेला कारभार, हीही अमानतच आहे. ती पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाची तर कोणालाही उघडता येईल अशा भांड्यात दिली पाहिजे. साध्या मजकुराएवढे उघडे भांडे आज तरी दुसरे नाही. न्यासाच्या तरुण सभासदांनी या वर्षीच्या वार्षिक सभेचा अहवाल याच रीतीने तयार करावा, आणि वडीलधाऱ्यांनी त्यांना दोन आठवड्यांचा अवकाश व थोडा धीर द्यावा, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.